चौदा आणि अठराच्या मधली मुलं

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोग,
मुंबई



दरवर्षी १ जूनला आपल्या राज्यात मोबाइलवर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा पूर येतो. आपल्या कार्यालयातही त्या दिवशी दोन-चार जणांचे पेढे येत असतील. पन्नाशी-साठीच्या या मंडळींपैकी खरोखर १ जूनला जन्मलेले फार थोडे. आईला विचारलं तर ती सांगायची, ‘दुष्काळाच्या सालात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.’ पण बाप शाळेत नाव घालायला घेऊन गेला, गुरुजींनी उजवा हात डोक्यावरून घालून डावा कान धरायला सांगितला, बोटं कानाला टेकली आणि मूल पहिलीत बसलं. दाखल-खारीज रजिस्टरात तारीख लिहिणं भाग होतं. शाळा जूनमध्ये सुरू होते, १ जून टाकली की वयाचा हिशेब चोख बसतो. मग तीच तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, तीच सेवापुस्तकात, तीच पेन्शनच्या आदेशावर आणि आता तीच आधार कार्डावर. आईची आठवण घरात राहिली, सरकारची तारीख आयुष्यभर चालली.

ही गंमत म्हणून सांगण्याजोगी गोष्ट आहे, पण मला तिच्यातून एक गंभीर मुद्दा आपल्यापुढे ठेवायचा आहे. मूल म्हणजे कोण, ते कधी सुरू होतं आणि कधी संपतं, हे आपण समजतो तेवढं घरात ठरत नाही. ते रजिस्टर, दाखला, हजेरीपट आणि कायद्याचं कलम ठरवतं. दप्तराने आखलेली रेघ दोन पिढ्यांत समाजाची स्वतःची समजूत होऊन बसते. म्हणून सरकारी खाती बालपणाची रेघ कुठे आणि किती निष्काळजीपणे आखतात, हा कारकुनी प्रश्न राहत नाही. महाराष्ट्रात ती रेघ चौदा आणि अठरा या दोन आकड्यांच्या मध्ये तुटलेली आहे, आणि त्या तुटक्या जागेत दरवर्षी मुलं पडतात, मुली अधिक पडतात. सगळ्या खात्यांच्या वर उभं राहून मुलाकडे पाहण्याचं काम कायद्याने ज्या मोजक्या यंत्रणांवर सोपवलं आहे, त्यांतली राज्यातली प्रमुख यंत्रणा आपला आयोग आहे. म्हणून हे पत्र आपल्याला.

आधी हे मान्य करायला हवं की बालपणाला संरक्षण हवं, ही कल्पना आपल्याकडे रुजवण्यात सरकारचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या गिरण्यांत लहान पोरं पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत राबत होती, तेव्हा १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने पहिल्यांदा सांगितलं की सात वर्षांखालचं मूल कामावर घ्यायचं नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ तासांहून जास्त राबवायचं नाही. यात लँकेशायरच्या गिरणीमालकांचा स्वार्थ होताच. मुंबईचं स्वस्त कापड त्यांना खुपत होतं. हेतू काहीही असो, मजुराच्या पोराला कायद्याने पहिल्यांदा ‘मूल’ मानलं. त्याच सुमारास, १८८२ साली, महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवून मागणी केली की प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. सरकारने ऐकलं नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ पर्यंत सक्ती राज्यभर नेली होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. तेव्हाच्या शेतकऱ्याला आपलं पोर गुरांमागे असणं हीच रीत वाटत होती. ‘पोर शाळेत असायला हवं’ हे आज तुम्हाआम्हाला जे स्वाभाविक वाटतं, ते अशा हुकमांनी आणि दंडांनी हळूहळू स्वाभाविक केलं आहे.

पण आजच्या गोंधळाचं मूळही त्याच काळात सापडतं. १८९१ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळाने एकापाठोपाठ एक दोन कायदे केले. त्या वर्षीचा १० वा कायदा संमतिवयाचा. मुलीच्या संमतीचं वय त्याने दहावरून बारावर नेलं. बेहरामजी मलबारींनी त्यासाठी रान उठवलं होतं, आगरकर ‘सुधारका’तून पाठीशी होते, टिळकांचा परक्या सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध होता, पुण्यात त्यावरून काय वादळ झालं ते आपण जाणताच. लगेच पुढचा, ११ वा कायदा, गिरण्यांचा. त्याने नऊ वर्षांखालच्या मुलाला मज्जाव केला आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलाला सात तासांची मर्यादा घातली. म्हणजे एकाच सरकारने, एकाच वर्षी, एका कायद्यात मुलीचं बालपण बाराव्या वर्षी संपवलं आणि दुसऱ्या कायद्यात कामगाराच्या पोराचं चौदाव्या. दोन प्रश्नांना दोन उत्तरं मिळाली. हे दोन्ही प्रश्न एकाच मुलीच्या वाट्याला येऊ शकतात, हा विचार कुणाच्या मनात आला नाही.

तो अजूनही आलेला नाही. गिरणी कायद्यातला चौदाचा आकडा आपल्या राज्यघटनेतही आहे: चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात किंवा खाणीत ठेवायचं नाही, आणि चौदा वर्षांपर्यंत सर्वांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यायचं. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी, पहिली ते आठवीसाठी आहे. दुसरीकडे लग्नाचं वय चढत गेलं. १९२९ च्या शारदा कायद्यात मुलीसाठी चौदा, १९४९ साली पंधरा, १९७८ साली अठरा. २०१२ च्या पोक्सो कायद्यात अठराखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे, तरी पंधरा वर्षांवरच्या बायकोच्या बाबतीत नवऱ्याला दंडसंहितेतली सवलत २०१७ पर्यंत लागू होती. ती सुप्रीम कोर्टाला काढावी लागली. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात बालक अठरापर्यंत, पण गंभीर गुन्हा असेल तर सोळाव्या वर्षापासून त्याला मोठं समजून खटला चालवता येतो. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार चौदाच्या आत मजुरी बंद, फक्त शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्यांना हातभार लावता येईल. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक धंदे सोडून काम करायला मुभा. आणि एसटीच्या वाहकाला विचाराल तर बारा वर्षं झाली की तिकीट पूर्ण.

प्रत्येक आकड्यामागे काही कारण आहे, हे मी नाकारत नाही. वय सगळीकडे एकच असायला हवं असा माझा हट्टही नाही. पण हे आकडे एकाच मुलीच्या अंगावर ठेवून बघा. पंधरा वर्षांची मुलगी. शाळेत असण्याचा तिचा हक्क संपला. मजुरी करायला कायद्याची बऱ्याच अंशी हरकत नाही. लग्नाला मात्र आहे. तिने या तीन वर्षांत काय करायचं, याचं उत्तर कुठल्याच खात्याकडे नाही. शिक्षण खातं म्हणतं, आमची सक्ती आठवीपर्यंत. कामगार खातं म्हणतं, ती बालकामगार नाही. महिला व बालविकास खातं जागं होतं ते मांडव पडल्याचा फोन १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर आल्यावर. मधली जागा मोकळी आहे, आणि मोकळी जागा समाज आपल्या जुन्या रीतीने भरतो.

ती कशी भरली जाते हे मी जवळून पाहिलं आहे. नोकरीची शेवटची वर्षं साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात गेली. दिवाळी झाली की मराठवाड्यातून टोळ्या येत, कारखान्याच्या परिसरात पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहत, आणि आम्हा शिक्षकांना शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला तिथे जावं लागे. एका सकाळी दहाच्या सुमारास एका कोपीपुढे एक मुलगी भाकऱ्या थापत होती. कडेवर धाकटा भाऊ, बाजूला विकायला बांधून ठेवलेल्या वाढ्यांच्या मोळ्या. आईबाप पहाटे चारलाच फडात गेलेले. मी फॉर्म काढला. वय विचारलं तर तिने चटकन जन्मतारीख सांगितली, शाळेत घोकलेली. हिशेब केला तर चौदा वर्षं पूर्ण होऊन काही महिने झाले होते. आमच्या तेव्हाच्या फॉर्मात सहा ते चौदा वयाची मुलं घ्यायची होती. तिच्यासाठी रकाना नव्हता. म्हणजे सरकारच्या हिशेबात ती शाळेत नव्हती आणि शाळाबाह्यही नव्हती. दुसऱ्या खेपेला संध्याकाळी गेले तेव्हा तिची आई भेटली. म्हणाली, ‘आठवीपतोर गावात शाळा होती, तवा म्हातारीपाशी ठेवली. आता शाळा तालुक्याला. हितं कोपीत एकटी कुठवर ठिवायची बाई? यंदा हिचं उरकून टाकायचं बघतोय.’

त्या आईला कायद्याचं वय माहीत नव्हतं असं नाही. अंगणवाडीच्या भिंतीवर ते रंगवलेलं असतं, ग्रामपंचायतीत लिहिलेलं असतं. पण तिच्या दृष्टीने आठवीनंतर शाळा संपली म्हणजे मुलगी मोठी झाली. हा अर्थ तिच्या मनात गावातल्या शेवटच्या वर्गाने उतरवला होता. ज्या वयात सरकार मुलाला शाळेत बसवणं थांबवतं, ते वय लोकांना बालपणाचा शेवट म्हणून दिसतं. सरकार तोंडाने अठरा म्हणतं, पण शाळेच्या दाराने चौदा दाखवतं, आणि लोक दारावर विश्वास ठेवतात.

ऊसतोडीत या अर्थाला पैशाचं बळ मिळतं. तोडीचा हिशेब टनावर होतो, उचल नवरा-बायकोच्या जोडीला म्हणजे एका कोयत्याला मिळते. पाठीमागे मोळ्या बांधणाऱ्या, वाढे गोळा करणाऱ्या, लहान भावंड सांभाळणाऱ्या पोराचं नाव मुकादमाच्या वहीत नसतं, पण त्याच्या कष्टाचा टन त्याच वहीत भरला जातो. एका दिवसाचा खाडा झाला की मजुरी कापली जाते. पोराचा शाळेतला पाच महिन्यांचा खाडा कुणाच्याच वहीत खर्ची पडत नाही. ‘घरच्यांना हातभार’ या कायद्यातल्या सवलतीचा फडात असा उपयोग होतो. आणि मुलगी लग्नाला आली की तिचा नवरा आणि ती मिळून नवा कोयता उभा राहतो, नवी उचल मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठरापूर्वी झालेलं आढळलं. बीडमध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होतं. हा आकडा नुसता अडाणीपणाचा म्हणणं सोपं आहे. मला त्यात आठवीनंतर गावात न सापडणारी शाळा, उचलीचा हिशेब आणि कोपीत एकटी ठेवता न येणारी मुलगी, हे सगळं दिसतं.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. साखरशाळांचा प्रयोग झाला, पुढे त्यातल्या बहुतेक बंद पडल्या. हंगामी वसतिगृहं आली, म्हणजे मूल गावातच आजी-आजोबांकडे राहील आणि शाळेत जेवेल. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आलं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली. मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत आहे, एसटीचा मोफत पास आहे. पण पासवर वाडीपर्यंत बस येत नाही. आणि मुलीच्या हजेरीला सरकार काय मोल देतं तेही पाहा: प्राथमिक शाळेतल्या गरीब घरच्या मुलींसाठी नव्वदच्या दशकात उपस्थिती भत्ता सुरू झाला, दिवसाला १ रुपया. पुढे कित्येक वर्षं तो १ रुपयाच राहिला. वर्षाचे कामाचे दिवस २२० धरले तर २२० रुपये. आईबाप अडाणी असले तरी हा हिशेब त्यांना करता येतो.

वर आता मूल मोजण्याची रीतच बदलली आहे. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेवर, आणि संचमान्यता आधार जुळलेल्या विद्यार्थ्यांवर. स्पेलिंग चुकल्यामुळे किंवा बोटाचे ठसे न उमटल्यामुळे ज्याचं आधार जुळत नाही, ते मूल वर्गात समोर बसलेलं असून शिक्षकांच्या संख्येत धरलं जात नाही. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचारही सरकारने अलीकडे मांडला आहे. वाडीवरची शाळा मागे घेतली, की त्या वाडीला सरकारने नकळत सांगितलेलं असतं की तुमच्या मुलांचं बालपण आता तुमच्या जबाबदारीवर.

सरकारला याहून वेगळं वागता येतं, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं तेव्हा शाळेत मुलं येत नव्हती. म्हणून त्या आणि अनुताई वाघ मुलांच्या अंगणात गेल्या आणि तिथेच अंगणवाडी भरवली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा काढली, तिला कुरणशाळा म्हटलं. मूल जिथे आहे तिथे बालपण असू शकतं आणि संस्थेने तिथवर चालत जायचं असतं, हे त्यांनी करून दाखवलं. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हे नाव देशाने उचललं. आज सहा वर्षांखालचं मूल सरकारी यंत्रणेला कोपऱ्या-कोपऱ्यापर्यंत ठाऊक आहे, ते याच विचारामुळे. चौदा वर्षांच्या मुलीच्या अंगणात जायला मात्र अजून कुणी तयार नाही.

आयोगाकडे शिक्षणहक्क आणि पोक्सो या दोन्ही कायद्यांवर देखरेखीचं काम आहे. चौकशी करताना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत आणि सरकारला शिफारस करण्याचा हक्क आहे. त्या आधारावर माझ्या चार मागण्या आहेत.

पहिली, चौदा ते अठरा या वयाची मुलं आज कुठे आहेत, याचा जिल्हावार अहवाल आयोगाने शिक्षण, कामगार, आदिवासी विकास आणि महिला व बालविकास या खात्यांना एकत्र बसवून तयार करावा. प्रत्येक खात्याचा आकडा वेगळा येईल आणि त्यांच्यातलं अंतर हेच मुख्य निष्पन्न असेल. तो अहवाल लोकांपुढे ठेवावा.

दुसरी, साखर कारखान्याला गाळप परवाना देताना साखर आयुक्तांनी तोडणी टोळ्यांबरोबर आलेल्या अठराखालच्या सर्व मुलांची यादी मागावी. कोयते मोजता येतात, बैल मोजता येतात, टन तर काट्यावर मोजतात. मुलंही मोजता येतील. त्यांच्या राहण्या-शिकण्याची सोय केल्याशिवाय परवान्याचं नूतनीकरण होणार नाही, अशी अट आयोगाने सुचवावी.

तिसरी, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० तीन ते अठरा वयाच्या शिक्षणाची भाषा करतं. ती भाषा कायद्यात यावी, निदान महाराष्ट्राने आपल्यापुरती तरी नववी ते बारावीपर्यंतची हमी द्यावी, अशी स्पष्ट शिफारस आयोगाने करावी. फुल्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीची मागणी केली तेव्हाही सरकारने ऐकलं नव्हतं.

चौथी, गावातल्या बालविवाहाची जबाबदारी आज ग्रामसेवकावर ढकललेली आहे. त्याने मांडवात जाऊन लग्न थांबवलं तरी दुसऱ्या दिवशी त्या मुलीसाठी वसतिगृहातली जागा त्याच्या हातात नसते. लग्न थांबवण्याच्या आदेशाबरोबर त्या मुलीच्या प्रवेशाचा आदेशही निघाला पाहिजे. नाहीतर आपण फक्त तारीख पुढे ढकलतो, आणि पुढची तारीख दुसऱ्या तालुक्यात धरली जाते.

एक आक्षेप मला ठाऊक आहे. लोक म्हणतील, बालपण ही घरची गोष्ट आहे, सरकारने त्यात किती शिरायचं? पण सरकार त्यात केव्हाच शिरलेलं आहे. वाढदिवसाची तारीख त्याने ठरवली, शाळेचा शेवटचा वर्ग त्याने ठरवला, कामाची मुभा त्याने दिली, अर्धं तिकीट कधी बंद हेही त्यानेच ठरवलं. आता मधल्या चार वर्षांपुरतं अंग काढून घेणं याला तटस्थता म्हणता येणार नाही. त्यातून मुलीच्या आईला एकच संदेश जातो की आमचं काम संपलं, आता तुमचं तुम्ही बघा. ती बघते, आणि तिला जे सुचतं ते करते.

पुढचा गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होईल. गाळपाची तारीख ठरवायला त्याआधी सरकारची बैठक होईल, तिथे उसाचं क्षेत्र, उतारा आणि दर यांवर चर्चा होईल. त्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत फडातल्या मुलांचा विषय आयोगाच्या पत्राने यावा, एवढी माझी विनंती आहे. पत्र जून-जुलैतच गेलं तर वेळेवर पोचेल.

कळावे.

आपली,
जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेली एक शिक्षिका
सातारा